म्हातारीचं काम

सव्विसाव्या वर्षी लव्हिनिया टटल म्हातारी झाली,
स्क्रँटनमध्ये, एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला.
कंपनीची खरी म्हातारी, मिसेस ओर्नडॉर्फ,
न्यूमोनियानं बोर्डिंग हाउसात पडलेली.
मॅनेजरनं टोप हिच्या मांडीवर टाकला:
चार रात्रींचा तर प्रश्न आहे.

टोपाला दुसऱ्या बाईच्या घामाचा वास होता.
तिनं तो चढवला. जळक्या बुचानं गालांत खड्डे काढले,
दोन दात काळे केले,
आणि विंगेत उभी राहिल्यावर तिला कळेना
म्हातारं माणूस चालताना
आधी काय हलवतं.

मग आठवली ट्रॉयची कॉलर फॅक्टरी,
स्टार्च, वाफ, गॅसची इस्त्री,
आणि भोंगा झाल्यावर फाटकातून बाहेर पडणारी आई:
आधी मान, मग खांदे, पाय सगळ्यांत शेवटी,
जसं एकेका अवयवाला वेगळं विचारावं लागतंय,
बाबा रे, येतोस का घरी?
लव्हिनियानं ते उचललं.
आईला न विचारता.
आठवड्याला दोन डॉलर वाढले.
तरुण मुलीचं काम
पुन्हा कुणी दिलं नाही.

पुढे फोर्ट ली.
पहाटेच्या फेरीनं हडसन ओलांडायची,
काचेच्या छपराखाली पिवळा रंग थापून बसायचं.
त्या वेळच्या फिल्मला लाल म्हणजे काळा,
आणि निळा तर दिसायचाच नाही.
तिचे डोळे निळे होते.
पडद्यावर ते पांढरे आले, सोललेल्या अंड्यासारखे.
झालं. आंधळी आजी. आंधळी भिकारीण.
दीपस्तंभावरची आंधळी विधवा, तीन वेळा.
काय अभिनय, लोक म्हणाले.
तिला सगळं दिसत होतं:
नायिकेच्या बोटातली उसनी अंगठी,
मरणाच्या प्रसंगात सँडविच खाणारा सुतार.

एकदा रंग धुवायला वेळच मिळाला नाही.
परतीच्या फेरीत एका पोरानं उठून तिला जागा दिली.
ती अडतीस वर्षांची होती.
बसली.

ट्रॉयमध्ये पाच सेंटांच्या थिएटरात
आईनं तिला बघितलं, एकदाच.
त्या चित्रात लव्हिनिया मेलेल्या मुलाची कॉलर इस्त्री करते,
अगदी सावकाश, पाच मिनिटं,
आणि शेजारच्या बायका पदर नसलेल्या देशात
बाह्यांना डोळे पुसत होत्या.
आई बाहेर आली, हॅटची पिन नीट केली.
इस्त्री गार होती, म्हणाली.
वाफ कुठंय?
चालण्याबद्दल काही बोलली नाही.
स्वतःचीच पाठ कुणी कधी बघितलेली असते?

मग चित्रं बोलायला लागली.
लव्हिनिया कॅलिफोर्नियात, सत्तावन्न वर्षांची,
टोपाची गरज उरलेली नाही, दातांना रंगाचीही.
आवाजवाल्यानं कानांवरचे डबे काढले:
बाई, तुमचा आवाज फार तरुण आहे.
वीस वर्षं वापरलाच नव्हता.
ठेवणीतल्या चादरीसारखा
घडीवर पिवळासुद्धा पडला नव्हता.

वाक्य एकच होतं: जेवण तयार आहे.
तिनं अकरा वेळा म्हटलं.
अकराही वेळा सव्वीस वर्षांची मुलगी बोलली,
स्क्रँटनमधली, मंगळवारची,
चार रात्रींनंतर आपलं काम परत मिळेल असं समजणारी.

बाराव्या वेळी तिनं मान वळवली, मग खांदे,
आणि तोंडातून आलं
इस्त्री गार होती.
आईच्या आवाजात, आईच्या खोकल्यासकट.

वाक्य चुकलं होतं, तुकडा कापला.
पण आवाजवाला, ट्रेव्हर हॅकेट नावाचा,
दुपारभर विचारत फिरला
ती दुसरी बाई कोण होती,
आणि कुठल्या दारानं गेली.